ठिपकीचं निळं अंडं

मळा, निपाणी
२८ सप्टेंबर

दिव्या,

तू अंडी खातेस म्हणून तुला लिहिते आहे. दुसरं काही कारण नाही. माझ्या ओळखीत अंडी खाणारं, मराठी वाचणारं आणि गावभर न सांगणारं दुसरं माणूस नाही.

पर्यूषणात तुझ्या आप्पांनी सात कोंबड्या सोडवून आणल्या. दरवर्षी बाजारातून एखादं करडू सोडवतात ते तुला माहीत आहेच. यंदा करडू मिळालं नाही. एक बाई पाय बांधलेल्या गावरान कोंबड्या घेऊन बसली होती, त्या सगळ्या घेऊन आले. परसात सोडल्या, अभयदान झालं, हातपाय धुऊन देवळात गेले. तीन आठवड्यांनी त्यातली एक डालग्यात बसून ओरडायला लागली आणि उठली तर खाली अंडं. जैनाच्या घरात! मी पदर तोंडाला लावून उभी. आप्पा म्हणाले, "आता ह्ये काय गं?" जसं काही मीच घातलं.

कोंबडी अंडी घालते हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. माझ्याही नाही. हसू नकोस.

आता रोज चार-पाच पडतात. खायची नाहीत, विकायची नाहीत, फोडायची नाहीत. यल्लाप्पा बैलांना वैरण टाकायला येतो तेव्हा टोपलीत भरून घेऊन जातो. कुठे नेतो ते आप्पा विचारत नाहीत, मीही विचारत नाही.

माझ्या समजुतीप्रमाणे अंडं पांढरं असतं. स्टँडवरच्या गाड्यावर पांढरीच रचलेली दिसतात. आमच्या कोंबड्यांची मातकट निघाली. मला वाटलं मळली आहेत. चिमट्यानं धरून एक ओल्या फडक्यानं पुसलं तर थोडा रंग फडक्याला आला, म्हणून आणखी जोरात घासलं. तेवढ्यात अनुराधाकाकू आली. ती म्हणाली, अगं गावरान अंडी अशीच असतात. तिला कसं माहीत, ते मी विचारलं नाही. देवळात आम्ही शेजारी बसतो.

ते मिटलं. पण परवापासून अंगावर ठिपके असलेली जी कोंबडी आहे, तिचं अंडं निळं येतंय. निळसर हिरवं म्हण. यल्लाप्पानं हातात घेतलं आणि परत खाली ठेवलं. "आक्का, ह्ये मी न्हाय न्हेणार. ह्ये खाल्लं तर मानूस जातंय." टोपली कुठे जाते ते असं न विचारताच कळलं.

आप्पांना वाटतं तिनं मोरचूद खाल्लं. फवारणीचं फाटकं पोतं शेडच्या कोपऱ्यात पडलं होतं आणि त्याचा रंग अगदी तोच. जीव वाचवायला आणली आणि आपल्याच घरातल्या विषानं मरणार, या विचारानं माणूस कासावीस झालाय. दोन दिवस एकाशन करतायत, दिवसातून एकदाच जेवतात. मीही घरात नुसती फिरते आहे, एक काम धड होत नाही. तेव्हा कळव, निळं अंडं म्हणजे विष असतं का? तुझा नवरा जनावरांचा डॉक्टर आहे. त्याला विचार, पण मी विचारलं असं सांगू नकोस.

उत्तर अनुराधाकाकूच्या पत्त्यावर पाठव. घरात फोन एकच आणि तो आप्पांच्या खिशात.

काकूनं तुला बेळगावात साडीच्या दुकानात पाहिलं. सातवा लागलेला दिसतो म्हणाली. मला त्यावर काही म्हणायचं नाही. सातव्यात मुलीची ओटी भरून तिला माहेरी आणतात, पहिलं बाळंतपण आईच्या हातचं असतं, एवढं तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. पण "जिच्या ताटात अंडं, तिला ह्या उंबऱ्यात जागा न्हाय" असं आप्पा दोन वर्षांपूर्वी बोलले ते बोलले. अजून मागे घेतलेलं नाही.

आई

मळा
१२ ऑक्टोबर

दिव्या,

तुझं पत्र मिळालं. एक पान, आणि त्यात कोंबडीशिवाय अक्षर नाही. झोप लागते का, पाय सुजतात का, काही नाही. मी विचारलं नव्हतं हे खरं. पण सगळं विचारल्यावरच सांगायचं असतं का?

तू लिहितेस, अंडं फोडून टरफल आतून बघ. आतूनही निळं असलं तर ती कोंबडीची जात आहे, विष नाही. फोडून बघ म्हणे! कुणी, मी? तीन दिवस ते अंडं टोपलीत आणि मी येताजाता त्याच्याकडे बघते आहे. टोपली जरा कडेला सरकवून ठेवली होती, मांजराचा धक्का लागला तर लागला म्हणून. मांजर फिरकलं नाही. शेवटी कावळ्यानं माझं काम केलं. एक ठिपकीचं आणि एक तपकिरी, दोन्ही फोडून ठेवली. मी णमोकार म्हणत झाडूच्या काडीनं टरफलं उलटी केली. निळं आतूनही निळंच होतं, जरा फिकं. तपकिरी मात्र आतून पांढरंफेक. तू लिहिलंस तसंच. निळा रंग टरफल तयार होतानाच त्यात मुरतो आणि तपकिरी अगदी शेवटी वरून चढतो, म्हणून तो माझ्या फडक्याला लागला. आपल्याला कळलं याचा मला इतका आनंद झाला की मी एकटीच परसात हसले. मग तुझ्या आप्पांची चाहूल लागली आणि टरफलं राखेखाली लोटली.

आता त्यांना सांगायचं कसं? मी म्हटलं, अनुराधानं कुठेतरी वाचलंय, निळी अंडी घालणारी एक जातच असते. तर म्हणाले, "व्हय, मला ठावं हाय. परदेशी जात असती तसली. कुनीतरी हौसेनं आणली असंल." परवापर्यंत मोरचूद मोरचूद म्हणून जीव काढणारा माणूस! एकाशनही सुटलंय. पोतं तेवढं माळ्यावर चढवलंय.

बाप कोंबडा तसल्या जातीचा असला तरी त्याच्याकडे बघून काही कळत नाही, त्याच्या मुली अंडी घालायला लागल्या की मग कळतं, असंही तू लिहिलंस. हे मुद्दाम लिहिलंस का? तुझा हट्ट कुणाकडून आला ते मला अंडी न बघताही ठाऊक आहे.

आणि रंग कुठलाही असो, आतून सगळी सारखीच, असला काही उपदेश तू शेवटी करशील म्हणून मी तयारीत बसले होते. केला नाहीस. बरं झालं, पण माझं उत्तर वाया गेलं.

परसात कोंबडा नाही तर त्या अंड्यांत जीवच नसतो, हे वाचून मात्र मी पत्र मिटून ठेवलं. हे आप्पांना मी सांगणार नाही. तूही पुन्हा लिहू नकोस.

नवीन अडचण अशी. चार-पाच दिवसांपासून तपकिरी अंडी फिकी पडली आहेत. वरून पांढरी भुकटी उडवल्यासारखी, एखादं तर गुलाबट. ठिपकीच्या अंड्यावरसुद्धा चुना फासल्यासारखं दिसतं. खातात-पितात बऱ्या. हा रोग तर नाही ना? आप्पा वरून काही दाखवत नाहीत, पण सकाळी उठल्या उठल्या परसात जातात आणि लवकर परत येत नाहीत.

कपाटात जुन्या साड्यांची अडचण होत होती, म्हणून दुपटी शिवायला घेतली. बरीच झाली. कपाट अजून भरलेलंच आहे.

तुझ्या सासूबाई तुला काय खायला घालतात?

आई

मळा
३० ऑक्टोबर

दिव्या,

घाईत लिहिते आहे, अक्षर समजून घे.

कोंबडी भ्याली की अंडं आतच धरून ठेवते, मग त्यावर चुन्याचा आणखी एक थर बसतो, म्हणून ती अंडी घालायच्या वेळी कोण त्रास देतं ते बघ, असं तू लिहिलंस. मला वाटलं मुंगूस. तुझं पत्र दिवाळीच्या गडबडीत आलं, म्हणून चार दिवस गेले. आज सकाळी कडब्याच्या गंजीमागे जाऊन बसले. या वयात. कुसं टोचत होती आणि वर मधमाशी घोंगावत होती.

मुंगूस आलं नाही. तुझे आप्पा आले. डालग्यासमोर उकिडवे बसले, खिशातून मोबाइल काढला, त्याची बॅटरी लावली आणि ठिपकीच्या थेट तोंडावर धरली. ती बिचारी अंडं घालायला बसलेली, ती आक्रसून कोपऱ्यात. मग फोटो. मग दुसऱ्या बाजूनं फोटो. मग फोन लावला आणि कानाला न लावता आरशासारखा समोर धरला.

"डाक्टर, आज बी पांढरं पडलंय बघा. फोटू टाकलाय."

"बॅटरी लावताय व्हय अजून, मामा? किती सांगू? ती भेतीया. चार दिस तिकडं जाऊच नका, आपोआप रंग येतोय."

"न गेलं तर मला चैन पडत न्हाय ओ."

"मग लांबनं बघा, मामा."

मी तो आवाज दोन वर्षांत ऐकला नव्हता. तरी ओळखला. त्यानं 'मामा' म्हटलं आणि तुझ्या बापानं ते ऐकून घेतलं, एकदा नाही, दोनदा!

मी उठून उभी राहिले नाही. अजून मला कळत नाही का. गंजीमागेच बसून राहिले, ते आत गेल्यावर आडवाटेनं मळ्याला चक्कर मारून पुढच्या दारानं घरात आले. "कुठं गेलतीस?" म्हणाले. "देवळात," म्हटलं. देवळाच्या नावानं खोटं बोलले.

म्हणजे इथे मी चोरून पत्रं टाकते, तू परक्या पत्त्यावर उत्तरं पाठवतेस, आणि सासरा-जावई रोज सकाळी एकमेकांची तोंडं बघून बोलतात! कधीपासून, ते तुझ्या नवऱ्याला विचार. मोरचूदाची भीती अशी एका दिवसात कशी गेली, ते मला आज समजलं. तुला हे माहीत होतं का? असलं तर तसं सांग, म्हणजे तुझ्यावरही एकदाच रागावून घेते.

मी आप्पांना काही बोलले नाही. गप्प बसणं मला जमत नाही हे तुला माहीत आहे. वरण दोनदा लागलं, कपबशी फुटली. पण मनात एक येतंय, ते लिहून टाकते. एवढं बोलणं चालू आहे तर लेकीला 'ये' म्हणायला कितीसा वेळ लागतो? आज नाही तर उद्या म्हणतील. मागच्या खोलीतली तंबाखूची पोती मी यल्लाप्पाकडून हलवून घेतली आणि भिंतींना चुना मारला. पोती हलवायचीच होती.

लवकर लिही. आता मला एकेक दिवस मोठा वाटतो.

आई

मळा
९ नोव्हेंबर

दिव्या,

तुझं पत्र वाचलं. काकूच्या ओसरीवर वाचलं, ती पाणी घेऊन आली तर मी तिला हातानंच थांब म्हटलं.

तुलाही माहीत नव्हतं तर. तुझ्या नवऱ्यानं, दीपंकरनं, सांगायचं नाही असा आप्पांना शब्द दिला होता म्हणून तो गप्प राहिला, हे तू सांगितलंस. त्याच्यावर इतकी चिडू नकोस, या दिवसांत बरं नाही. बाकीचं जे लिहिलंस ते मला पाठ झालं. "आप्पा त्याला ठिपकीची विष्ठा कशी आहे तेसुद्धा सांगतात. माझं नाव एकदाही काढत नाहीत. अंड्याचं कारण सांगून मला बाहेर ठेवलं. खरं कारण त्यांनी एकदा स्वतःच्या तोंडानं सांगावं. मग मी यायचं की नाही ते ठरवीन. आणि आई, यापुढे अंड्यांबद्दल विचारू नकोस."

नाही विचारत. विचारायचं होतं ते त्यांना विचारलं.

सकाळी ते परसात जोंधळे टाकत होते. मी जाऊन म्हटलं, "आज डाक्टर काय म्हनाले?"

सूप हातात तसंच राहिलं. "तुला कवा कळलं?"

"तुमी बॅटरी मारत हुता तवा. ते ऱ्हाऊ द्या. पोरीला नववा लागतोय. आनायची का न्हाय?"

"अंडी..." एवढंच म्हणाले आणि त्यांचं त्यांनाच पुढे बोलवेना. त्यांच्या पायापाशी ठिपकी नुकतीच अंडं घालून सगळ्या मळ्याला ऐकू जाईल अशी ओरडत होती.

मी म्हटलं, "अंड्याचं सोडा. ती आपल्या परसात रोज पडत्यात. दुसरं कारन सांगा."

"तुला ठावं हाय."

"मला ठावं हाय. पोरीला तुमच्या तोंडचं पायजे."

दगडावर बसले. मला वाटलं आता उठून जातील. उठले नाहीत. जे बोलले ते जसंच्या तसं लिहिते, माझं त्यात काही घातलेलं नाही.

"दीपंकरची आई आपल्यात तंबाखूच्या कामाला यायची. तानी. दुपारी पानी मागाय मागच्या दाराला यायची. मी वरनं तिच्या वंजळीत पानी वतलंय, कमला. तांब्या तिच्या हाताला कधी लागू दिला न्हाय. आता पोरीला आनली म्हंजी ती येनार. बारशाला पुढल्या सोप्यात बसनार. तिला च्या मी कुठल्या तोंडानं देऊ? ती बघंल की माझ्याकडं."

"बघू दे की."

"तुला जमंल. मला न्हाय जमायचं."

"म्हंजी जात."

"व्हय, जातच. झालं तुझं समाधान?"

नाही झालं. मला त्यांचा भयंकर राग आला आणि त्याच वेळी त्यांची दयाही आली. डोळे पुसत होते ग. लहानपणी तुला गोवर निघाला तेव्हा पुसले होते, त्यानंतर आज. पण त्यांचे डोळे पुसून होईपर्यंत तुझे दिवस थांबणार नाहीत. 'जमणार नाही' हे त्यांनी सरळ सांगितलं, आणि ते मला तुला कळवावं लागतंय. दोन वर्षं अंड्याआड लपून बसले होते, आता बाहेर आले, एवढंच. त्यात तुझ्यासाठी काही चांगलं आहे का ते तूच बघ.

मागची खोली तयार आहे. हे मी तुला ये म्हणून लिहीत नाही. आहे म्हणून लिहिते.

आई

निपाणी स्टँड
१८ नोव्हेंबर

दिव्या,

बेळगावची गाडी अजून लागलेली नाही. हे पत्र टपालात टाकणार नाही, माझ्याआधी ते पोचायचं नाही. आल्यावर तुझ्या हातात देईन. तू समोर दिसलीस की मला हे बोलता येणार नाही, म्हणून इथे बाकावर बसून लिहिते. शेजारच्या बाईचं टोपलं सारखं माझ्या कोपराला लागतंय.

"मी येणार नाही. ज्या सोप्यात माझ्या सासूबाई आल्या तर कुणाला लाज वाटते, तिथे मी माझं मूल घेऊन निजणार नाही. तुला कुणी अडवलेलं नाही," असं तू लिहिलंस. मी ते परवापासून किती वेळा वाचलं कुणास ठाऊक. आधी वाटलं, काय उद्धट कार्टी आहे. मग शेवटचं वाक्य दिसलं. खरंच, मला कुणी अडवलं होतं? दोन वर्षं तुझ्या बापाच्या नावानं बोटं मोडत बसले. बेळगावला जाणारी गाडी काही त्यांच्या मालकीची नव्हती.

काल पिशवी भरली. दुपटी, डिंकाचे लाडू, बाळंतशोपा, जुनं मऊ लुगडं. आप्पा दारात उभे राहून बघत होते.

"किती दिस?"

"बाळंतपन झाल्यावर सव्वा म्हैना. लागलं तर जास्त."

"कोंबड्या?"

"तुमी आनल्याता."

"जेवान?"

"अनुराधा डबा दील. न्हाय दिला तर एकाशन करा, सवय हाय तुमास्नी."

मला वाटलं ओरडतील. ओरडले नाहीत. सकाळी मी निघाले तर चपला घालून अंगणात उभे होते. गाडीवर बसवून स्टँडपर्यंत घेऊन आले. इथे उतरल्यावर खिशातून पाणी गाळायचं नवं फडकं काढून माझ्या हातात दिलं. "तितं पानी गाळून पी," म्हणाले.

मग मात्र मला राहवलं नाही. चार माणसं बघत होती, तरी म्हटलं, "गाळायला मी कोन? तितं पानी इहीनबाई देनार. त्या देतील तसं प्यायचं. त्यांनी वरनं वतलं तर वंजळ धरनार मी."

फडकं माझ्या हातात आणि त्याचं दुसरं टोक अजून त्यांच्या मुठीत. मग हळूच म्हणाले, "आनि न्हाय दिलं तर?"

"तर तानलेली बसंन," म्हटलं. "ती बसलीच असंल की कवातरी आपल्या दारात."

त्यांनी मूठ सोडली. गाडी वळवून गेले की अजून बाहेरच थांबलेत ते मी बघितलेलं नाही. कंडक्टर बेळगाव बेळगाव ओरडतोय. मी येते हे तुला कळवलेलं नाही, घ्यायला कुणी नसेल; विचारत विचारत येईन. दुपारपर्यंत पोचते.

आई